जावयाचं पातेलं

१ मार्च, रविवार

परत तेच! "जावईबापू, दूध सांगू का?" आणि सगळं टेबल खो खो हसलं. सव्वीस वर्षं हा एकच विनोद. सरकारी नोकरालासुद्धा कधीतरी घरी बसवतात, या विनोदाला कुणी बसवत नाही.

विनोदकर्ते अर्थातच हिचे थोरले बंधू. फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या जोडून देण्याचा कारखाना आहे त्यांचा, घराला लागूनच. घरात त्यांना 'भट्टी' म्हणतात. जाळ खातो म्हणून भट्टी! आणि माणूस या नावावर खूश आहे. मी याच्या हातात काडेपेटी देणार नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सासुरवाडीला जेवण. चुलीवर दोन पातेली. मोठ्यात रस्सा: वर तर्री अशी लाल की चमचा बुडवला तर तळ दिसत नाही. शेजारी एक लहान, कड वाकलेलं, ॲल्युमिनियमचं. तिखट पडायच्या आधी त्यात चार पळ्या काढून ठेवतात. त्याला त्या घरात नाव आहे — 'जावयाचं पातेलं'. सासूबाईसुद्धा अगदी सहज म्हणतात, "अगं, जावयाचं पातेलं झाकलंस का?"

मागच्या महिन्यापर्यंत भट्टीचं धाकटं कार्टंही त्याच पातेल्यातलं खायचं. आज ते सात वर्षांचं झालं म्हणून त्याला मोठ्या पातेल्यातलं वाढलं. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी! कार्ट्याच्या नाकातून धार लागली होती आणि आजी म्हणतेय, "शाब्बास, आजोबांवर गेलाय."

म्हणजे आता लहान पातेल्यावर मी एकटा. आणि ही. ही माझ्या शेजारी बसते आणि माझ्याच पातेल्यातलं वाढून घेते. "त्यांना सोबत," म्हणते सगळ्यांना. सोबत! मला वाईट वाटू नये म्हणून. भट्टीच्या हसण्यापेक्षा हे जास्त लागतं. हसणाऱ्याला निदान शिवी देता येते. दया करणाऱ्याला काय देणार?

सासरेबुवांनी एक नियम घालून दिलाय — जेवताना जो पहिल्यांदा पाण्याला हात लावेल त्यानं सगळ्यांची ताटं घासायची. ते जाऊन अकरा वर्षं झाली, नियम आहे तसाच. लहान पातेलेवाल्यांना तो लागू नाही. मी पाणी प्यालो काय, तांब्याभर प्यालो काय, कुणी बघतही नाही. हरायलासुद्धा लायकी लागते म्हणायची.

३ मे रोजी सासूबाईंना पंच्याहत्तर पूर्ण. भट्टीनं आजच जाहीर केलं, "त्या दिवशी सात चमचे!" स्वतः वाटलेली मिरचीची चटणी बरणीत मुरवत ठेवलीय त्यानं. सात चमचे, पाणी नाही. कोण बसतंय बघू, म्हणाला, आणि सगळ्यांकडे बघितलं. माझ्याकडे नाही.

मी बसणार आहे. ३ मे नंतर ते पातेलं त्या चुलीवर दिसता कामा नये. एवढंच हवंय मला. लिहून ठेवलं.


२ मार्च

कामाला लागलो. मी वजनमापांचा निरीक्षक. एकोणतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासतोय. अर्ध्या ग्रॅमला फसवणारे पकडलेत. आणि ही तिखटवीर मंडळी कशात मोजतात? "जाळ निघाला." "कान तापले." "टाळूला घाम फुटला." ही काय मापं झाली!

मी मोजून करणार. रोज दुपारच्या डब्यात एक दशांश ग्रॅम सुकी मिरची पूड. दर तिसऱ्या दिवशी एक दशांश वाढवायची. कचेरीत काचेच्या पेटीतला तराजू आहेच, वारा लागला तरी काटा हलतो असला. साहेब दोन वाजेपर्यंत जेवतात. खोलीत मी आणि तराजू.


३ मार्च

०.१ ग्रॅम. काही झालं नाही. उगाच सव्वीस वर्षं घाबरलो!


४ मार्च

०.१ ग्रॅम. काही झालं नाही हे काल लिहिलं ते मागे घेतो. सकाळी झालं.


९ मार्च

०.३. उचकी. एकशे चौदा उचक्या, मोजल्या. शिक्केवाल्यानं पाहिलं. तपासलेल्या वजनांवर शिक्का मारणारा आमचा माणूस, वय पस्तीस, अक्कल बारा. त्याला वाटलं कुणी आठवण काढतंय.

शेवटी सांगावं लागलं. मग काय, त्यानं मोबाइल काढला आणि पाऊण तास मला लोक मिरच्या खाताना दाखवले. जगात हा उद्योग करणारे हजारो आहेत म्हणे. एक जाड्या मिरची चावतो, लाल होतो, डोळे पुसतो, ओकतो, आणि अंगठा वर करतो. खाली लाखभर लोक वाहवा करतात. माणूस चंद्रावर जाऊन आला तो याच जातीचा, खरं वाटत नाही.

"सर, हे सगळं मनाचं असतं," म्हणाला. मन म्हणे! त्याचं मन मी ओळखतो. अर्ध्या तासानं त्याला चहा लागतो.

पण एक गोष्ट कामाची सांगितली: पाण्यानं तिखट पसरतं, दुधानं बसतं. म्हणजे सासरेबुवांचा तो थोर नियम मुळातच मूर्खपणाचा. पाणी पिणारा आधीच शिक्षा भोगत असतो, वर त्याला ताटं कशाला?


१३ मार्च

०.४. ओठ बधिर, पण बोलता आलं. आज एका किराणावाल्याचा काटा जप्त केला. "साहेब, जाऊ द्या ना," म्हणाला. नाकाचा शेंडा पेटला होता माझ्या, त्याला वाटलं रागावलोय. पटकन सही केली त्यानं.


१५ मार्च, रविवार

घरचा प्रश्न. डब्यात मिरची चालते, पण सराव दोन्ही वेळचा हवा. सकाळी हिला म्हटलं, "आजपासून भाजीत तिखट घालत जा."

ही कांदा चिरत होती. सुरी थांबली. "कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तुम्हाला कधीपासून चालायला लागलं?"

"चालवणार आहे."

"मग तुमच्या ताटात वरून घाला की पूड. सगळ्या भाजीत कशाला?"

इथे माझं डोकं फिरलं. म्हटलं, नाही! वरून घालायचं नाही, वेगळं काढायचं नाही, या घरात दोन पातेली होणार नाहीत. एक भाजी, एक चव, दोघांना. तू तर लहानपणापासून तो जाळ खात आलीस, माझ्यापायी सव्वीस वर्षं बेचव खाल्लंस, आता तुझ्या माहेरची चव घरात आली तर तुला आनंदच व्हायला हवा!

हिनं कांदा मात्र फार बारीक चिरला.


१६ मार्च

भाजी तिखट होती. डोळ्यांत पाणी आलं तरी पूर्ण संपवली. हिनं अर्धीच पोळी खाल्ली. "वजन कमी करायचं मनावर घेतलंय," म्हणाली. पन्नाशीत हे खूळ! बायकांच्या मासिकात काहीतरी वाचलं असेल.


२१ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. छातीत जळजळ. खरं सांगितलं. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"वय काय तुमचं?"

"छप्पन."

"मग तसं वागा."

गोळ्या दिल्या. डॉक्टर लोकांना स्वाभिमान हा आजार वाटतो.


२७ मार्च

०.९! शिलालेख कोरून ठेवावा इतका महत्त्वाचा दिवस. शिक्केवाल्यासमोर खाल्लं, चेहरा हलू दिला नाही. तो म्हणाला, "सर, मानलं." त्याच्या मानण्याला मी काय किंमत देतो ते त्याला ठाऊक नाही, तरी बरं वाटलं.


३१ मार्च

घात झाला. लिहायची लाज वाटते, पण ही वही मीच वाचणार.

प्रमाण वजनांना बोट लावायचं नसतं. बोटाचा घाम वजनाला चिकटतो आणि वजन खोटं होतं. चिमट्यानंच उचलायची. हे मी दर वर्षी नवीन लोकांना शिकवतो, जीव तोडून शिकवतो. आणि शुक्रवारी मी त्याच चिमट्यानं मिरचीची पूड उचलली. धुतला नाही. काल त्याच चिमट्यानं एक ग्रॅमचं प्रमाण वजन उचललं. आज शिक्केवाल्यानं ते तपासायला घेतलं, चिमट्याचं टोक बोटांनी पुसलं, त्याच बोटांनी भिंग डोळ्याला लावलं, आणि बोंब ठोकली! कचेरी गोळा झाली. साहेब पळत आले. त्याचा डोळा टोमॅटोएवढा सुजला.

ते वजन आता फेरतपासणीला जाणार. कारण लेखी द्यावं लागलं. मी लिहिलं — 'धूळ'. एकोणतीस वर्षांत सरकारी कागदावर पहिलं खोटं, तेही मिरचीपायी. शिक्केवाल्याला सगळं ठाऊक आहे. "सर, मी नाही सांगणार," म्हणाला, एका डोळ्यानं माझ्याकडे बघत. असल्या माणसाच्या उपकाराखाली राहायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला कळतं.

आता पूड घरून पुड्या बांधून नेईन.


५ एप्रिल, रविवार

सासुरवाडी. शहाण्यासारखा लहान पातेल्यातलं जेवलो. ३ मेपर्यंत कुणाला सुगावा लागता कामा नये. हिनं आज त्यातलं दोनदा वाढून घेतलं. घरी म्हणे वजन कमी करायचंय, इथे आली की सोबतीचा पुळका! भट्टी म्हणाला, "काय गं, जावईबापूंनी बिघडवलं तुला. एके काळी बाबांसोबत सुकी मिरची चावायचीस." ही हसली फक्त.

जेवणानंतर तो सगळ्यांना चटणीची बरणी दाखवत होता. झाकण उघडून नाकाखाली धरायचा, आणि समोरचा शिंकला की मांडी थोपटायचा. पोरांचे खेळ. सगळे बाहेर कारखान्यातलं नवं यंत्र बघायला गेले तेव्हा मी नमुना ताब्यात घेतला. गोळ्यांची रिकामी बाटली बरोबर नेली होती. दुकानदाराला आम्ही निदान पावती देतो.

घरी आल्यावर मोजलं. भट्टीच्या घरचा चमचा भरला की सहा ग्रॅम. सात चमचे म्हणजे बेचाळीस. टोकभर जिभेवर ठेवली.

पुढचं लिहीत नाही.


६ एप्रिल

अजून जीभ आहे. तपासली.


११ एप्रिल

आता पूड बंद, चटणीवर आलो. घरीच तशी वाटतो. ०.५ ग्रॅम, मग १, मग दीड. डावं नाक कायम वाहतं. झोप लागते पण सकाळचा पहिला अर्धा तास शत्रूवरही येऊ नये.

गंमत अशी की तिखट चढत नाही, उतरतं. पहिलं मिनिट जाळ, दुसरं मिनिट मरण, पाचव्या मिनिटाला सगळं हलकं. वर उगाच हसू येतं. म्हणजे भट्टीच्या शौर्यात काय राम आहे? पाच मिनिटं गप्प बसणं, बस्स. एवढं तर कुठलीही लाकडी खुर्ची करते. यासाठी या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या मिशीला पीळ दिला!


१८ एप्रिल

हिच्याशी भांडण. सरळ म्हणाली, "हे सोडा. तुमच्या तब्येतीला बरं नाही."

म्हटलं, माझ्या तब्येतीची काळजी, की भावाच्या नाकाची?

"मला कुणाच्या नाकाचं काय! चाललंय ते बरं चाललंय ना? कुणाचं काय अडलंय त्या लहान पातेल्यानं?"

कुणाचं काय अडलंय! लग्नानंतरच्या पहिल्या जेवणात मी एका घासाला तीन पेले पाणी प्यालो, तेव्हा सासरेबुवांनी ते पातेलं काढलं. त्या दिवसापासून त्या घरात मला माणूस कमी आणि पथ्य जास्त समजतात. आणि ही विचारते काय अडलंय. तिला कळायचं नाही. जी मोठ्या पातेल्यात जन्मली तिला लहान पातेल्याचं दुःख काय कळणार!

रक्त शेवटी माहेराकडे ओढतं. ठीक आहे. एकट्यानं लढू.


१९ एप्रिल

हिनं स्वयंपाक केला, भाजी तिखट. स्वतः दूध-पाव खाल्ला. तोंडात फोड आलाय म्हणे. बोलणं बंद.


२६ एप्रिल

चार चमचे! बेचाळिसांतले चोवीस. पाणी नाही. आरशात बघितलं तर डोळे तांबडे, कान तांबडे, पण चेहरा स्थिर. प्रमाण वजनासारखा.

हिचे कपडे सैल व्हायला लागलेत. दोन किलो तरी कमी झाली असेल. अंदाज आहे, आणि अंदाज मला आवडत नाही, पण तिला तराजूवर उभं राहा म्हणायची सध्या सोय नाही. काही का असेना, तिचंही मनासारखं होतंय.


१ मे

सहा. सातवा उद्या नाही, परवा. जिभेला विश्रांती द्यायची असते असं शिक्केवाला म्हणतो. माझा आता हा सल्लागार! दिवस फिरले की असं होतं.


३ मे, रविवार

मोजून, सावकाश, एक एक करून लिहितो. असा दिवस पुन्हा यायचा नाही.

एकोणीस माणसं. लांब टेबल कारखान्यात मांडलं होतं, बाजूला अर्धी जोडलेली फाटकं. सासूबाई मधोमध, नवी साडी, गळ्यात हार. चुलीवर दोन पातेली. लहान पातेलं पाहून घेतलं. शेवटचं.

हात धुवायला आत गेलो तर स्वयंपाकघराच्या दाराआड भट्टी. हातात वाटी. वाटीत साय! बोटांनी पुसून पुसून खात होता. जिभेला, गालाला आतून लेप देत होता गडी. माझ्याकडे बघून वाटी पाठीमागे नेली. मी हात धुऊन घेतले. नाव भट्टी, आणि आत सायीचं अस्तर! खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे हे ऐकून होतो, एवढ्या जवळून पहिल्यांदा पाहिलं. या माणसानं मला सव्वीस वर्षं दूध विचारलं!

"कोण बसतंय?" त्यानं बरणी आपटली. त्याचा साडू बसला, मोठा मुलगा बसला. मी खुर्ची ओढली.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग हशा. "जावईबापू, चुकून आलात, दूध तिकडे!" मी चमचा पुढे केला.

पहिला. हशा चालू. दुसरा. हशा कमी. तिसऱ्याला पोरगा उठून पळाला. चौथ्याला साडूनं हात जोडले. पाचव्याला भट्टीच्या कपाळावरून धार लागली, साय संपली असावी. मला ते पाचव्या मिनिटाचं हलकं हलकं वाटायला लागलं होतं. सहावा चमचा मी चाटून पुसून खाल्ला आणि त्याला विचारलं, "मेहुणेबुवा, दूध सांगू का?"

त्यानं सहावा तोंडात घातला. डोळे बाहेर. उचकी. दुसरी उचकी. आणि हात गेला तांब्याकडे. एका दमात रिकामा!

सातवा मी एकट्यानं खाल्ला, बसल्या जागी, पाठीला टेका देऊन.

काय आरडाओरडा झाला! साडूनं मला मिठी मारली. सासूबाई म्हणाल्या, "हे असते तर आज तुम्हाला उचलून घेतलं असतं त्यांनी." त्या म्हाताऱ्यानं उचललेलं मला नको आहे, पण ऐकून डोळे पुसावे लागले. तिखटानंच असेल. नियम म्हणजे नियम, एकोणीस ताटं भट्टीनं घासली, मी शेजारी उभा राहून बघितली. एकात खरकटं राहिलं होतं, दाखवून दिलं.

मग सासूबाई आपणहून बोलल्या, "आता त्या लहान पातेल्याचं काम संपलं बाई." भट्टीच्या बायकोनं ते उचललं आणि मागच्या अंगणात मांजराला पाणी ठेवायला दिलं. मांजराला! याहून योग्य जागा सुचली नसती.

सगळे मला शाबासकी देत होते तेव्हा हिच्याकडे बघितलं. टेबल आवरत होती. म्हणाली, "झालं मनासारखं?" बस्स एवढंच. वाटेतही गप्प. भावाचं नाक कापलं गेलं, नाकाला मिरच्या झोंबल्यात, दुसरं काय. सव्वीस वर्षं माझं कापलं जात होतं तेव्हा ही अशी गप्प होती का? तेव्हा तर मजेत शेजारी बसून जेवायची.


४ मे

रजा. कारण लिहायची गरज नाही.


१२ मे

शिक्केवाल्यानं सात चमच्यांचं कचेरीभर सांगितलं. साहेबांनी हात मिळवला. साहेबांना तिखट सोसत नाही म्हणे. चेहऱ्यावरून वाटलंच होतं मला. मऊ माणूस.


७ जून, रविवार

सासुरवाडी. चुलीवर एकच पातेलं! दारातच दिसलं. छाती भरून आली, खोटं का सांगू.

मी आता टेबलाच्या वरच्या टोकाला, सासूबाईंच्या उजवीकडे. भट्टी माझ्यासमोर, गरीब गाय. विनोद नाही, काही नाही. "घ्या ना आणखी, जावईबापू," एवढंच. गर्वाचं घर खाली होतं ते असं.

सगळ्यांना एकाच पातेल्यातलं वाढलं. हिलाही. आता सोबत करायची गरज उरली नाही, म्हणून तिची जागा खालच्या टोकाला, बायकांत. पहिल्या घासानंतर ती खाली मान घालून खात होती. घाई नाही, पाणी नाही, एका लयीत. पण गालांवरून पाणी चाललेलं. वहिनीनं विचारलं, तर म्हणाली सर्दी झालीय. ताट संपवून उठली आणि मागे दोरीवरचे कपडे काढायला गेली. बराच वेळ आली नाही. जूनमध्ये सर्दी! नाजूकपणा अंगात मुरला की असं होतं, माझ्यासोबत राहून हिची माहेरची धार गेली. येताना तिला तसं म्हटलंसुद्धा.


८ जून

सकाळी चहा देताना बोलली. आवाज चढवला नाही.

"ते पातेलं तुमचं नव्हतंच. तुमच्या नावावर होतं. मला लहानपणापासून तिखट सोसत नाही. सातव्या वर्षापासून कित्येक वर्षं त्या घरातली सगळी ताटं मी घासलीत. मग रडत रडत पाण्याशिवाय खायला शिकले. तुम्ही आलात, पहिल्याच घासाला तीन पेले प्यालात, आणि बाबांनी पातेलं वेगळं काढलं. तेव्हापासून जेवतेय मी त्या घरात."

मला का नाही सांगितलंस, विचारलं.

"तुम्ही पहिल्याच रविवारी सगळ्यांना सांगितलं असतं. तुम्हाला कमी लेखायला कुणीतरी लागतंच."

सांगितलं असतं. खरं आहे.

५ जुलैला पहिल्या घासाला पाणी प्यायचं. सगळ्यांना दिसेल असं, तीन पेले. ताटं मी घासेन.